नर्मदाबाईचा मिठाचा दगड

दगड मी दाखवला होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायचं म्हटलं तर माझ्या हातून ते राहून जाईल. मला लिहायची सवय नाही. बत्तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, लोकांची शेकडो पत्रं लिहून दिली, पण ते सांगत आणि मी लिहीत असे. आता सांगणारं कोणी नाही. नर्मदाबाई असती तर तिनेच सांगितलं असतं, आणि मध्येच थांबवून विचारलं असतं, "मास्तर, मी एवढी बोलले आन् तुमी दोनच वळी काहून लिवल्या?"

नर्मदाबाई आमच्या गावच्या धनगरवाड्यातली. गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून तीन कोसांवर. धनगरांची अकरा घरं ओढ्याच्या पलीकडे. दिवाळी झाली की ही मंडळी घरांना कुलपं लावून मेंढरं घेऊन निघत. वाशीमकडच्या रानात हिंडत, खतासाठी शेतकऱ्यांच्या वावरात मेंढरं बसवत, आणि मृगाच्या तोंडावर परत येत. नर्मदाबाईचा नवरा ग्यानबा साप चावून गेला तेव्हा तिचा मुलगा शिवहार आठ वर्षांचा होता. दिरांनी सांगितलं, मेंढरं आमच्यात घाल आणि तू घरी बस. ती घरी बसली नाही. नवऱ्याची काठी घेऊन ती पुरुषांच्या बरोबरीने दोनशे मेंढरांमागे चालायला लागली. चालताना तिच्या हातात लोकर कातायची चाती फिरत असे. सूत तुटू न देता ती ओढा उतरून पलीकडे चढलेली मी पाहिली आहे.

एकदा मी तिला विचारलं, "बाई, एवढी मेंढरं संध्याकाळी मोजता कशी?"

"मोजते कशाला? तुमी घरातली माणसं मोजता का? कोन न्हाई ते दिसतंच की."

ग्यानबाकडे देवाची पूजा होती. तो गेल्यावर भावकीत कुरबूर झाली, बाईमाणसाने बिरोबाची पूजा कशी करायची म्हणून. ती म्हणाली, "देव मेंढरायचा हाय. मेंढरं मी राखून राहिले. मंग देवाला कोन राखंल?" पूजा तिच्याकडे राहिली.

हा बिरोबा गावाच्या उत्तरेला उघड्या माळावर असतो. त्याला देऊळ नाही. चार बोरी, दहा-वीस लहानमोठे दगड, त्यातला एक देव. त्याला शेंदूर नसतो, हार नसतो. आषाढात एक दिवस धनगर जमतात, ढोल वाजवतात, देवावर हळदीचा भंडारा उधळतात, एडका कापून तिथेच शिजवतात आणि तिथेच जेवतात. मग पाऊस येतो, हळद धुऊन जाते, आणि वर्षभर तो दगड इतर दगडांसारखा दिसतो. छप्पर का नाही, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "आमी आठ महिने उघड्यावर. मेंढरं उघड्यावर. मंग त्यालाच छप्पर कशाला? त्याला एकदा छपराची सवय लागली का तो आमच्यासंगं रानात यायचा न्हाई."

आता गावाचं सांगतो. गावात दर वर्षी माघात हरिनाम सप्ताह होतो. सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक देवाला नारळ देऊन आमंत्रण करायची रीत आहे. मारुती, महादेव, खंडोबा, मरीआई, वेशीवरचा म्हसोबा, सगळ्यांना नारळ जातो. बिरोबाला जात नसे. कोणी मुद्दाम वगळला असं नाही. देव लांब माळावर, त्याची माणसं त्या दिवसांत गावात नसतात, आणि त्याला एडका लागतो. तुळशीची माळ घातलेल्यांनी त्याच्याकडे जायचं कसं? असं म्हणत म्हणत कित्येक वर्षं गेली होती. सप्ताहाच्या पत्रकाखाली लिहिलेलं असे, 'समस्त ग्रामदैवतांच्या कृपेने.' ते मीच लिहीत असे, कारण माझं अक्षर बरं.

नर्मदाबाई दर दिवाळीला निघण्याआधी पोस्टात येई. पोस्ट म्हणजे माझ्या घराची पुढची खोली. उंबऱ्यावर बसून ती तेच सांगे.

"मास्तर, औंदा तरी आमच्या देवाला बोलवा."

"सांगतो समितीला."

"तो जेवायला न्हाई यायचा तुमच्यात. त्याला तुमची खीर-पुरी चालत न्हाई, तुमाला त्याचं मटन चालत न्हाई. ते राहू द्या. पण बोलावलं तं पायजे का न्हाई? घरच्या लग्नात आंधळ्या चुलत्याला बी अक्षदा देते माणूस."

मी मान डोलावत असे. समितीत गेल्यावर माझ्याच्याने बोलवत नसे.

सत्त्याण्णव साली गावाने नवं मंदिर बांधलं. मोठा ओटा, त्यावर ओळीने लहान लहान गाभारे, सगळे देव एका ठिकाणी. ही कल्पना तातेराव पाटलांची. जागाही त्यांनीच दिली होती. पाटील बोलायला कडक पण मनात कपट नसलेला माणूस. समितीच्या बैठकीत ते म्हणाले, "धनगरायचा देव एकटा माळावर पडून राहिला. आपल्याच गावचे लोक हाएत ते. त्याला बी आणा. सगळ्यायच्या रांगेत बसंल."

पुनमचंद शेठ किराणा दुकानदार, समितीचे खजिनदार. ते म्हणाले, "नर्मदाबाईला पूछना पडेगा पाटील."

"कुठं सापडते आता ती? वाशीमच्या रानात. आन् चांगल्या कामाला काय विचारायचं? खूश होईल म्हातारी."

मला म्हणायचं होतं की त्या देवाला छप्पर चालत नाही. शब्द अगदी ओठांवर होते. पण पाटलांनी विचारलं, "देव कोनता, हे कोनाला ठाऊक हाय?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नर्मदाबाई माझ्या उंबऱ्यावर बसते हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "मी पाहिलाय."

आणि मी खरंच पाहिला होता, असं मला वाटत होतं. मागच्या पावसाळ्यात मी माळाच्या वाटेने येत होतो. नर्मदाबाई एका गुळगुळीत दगडाजवळ वाकली होती. लुगड्याच्या ओच्यातून पिवळं काहीतरी काढून तिने त्यावर पसरलं आणि मग हात कपाळाला लावला. मी लांबूनच नमस्कार करून पुढे गेलो होतो.

ट्रॅक्टर घेऊन आम्ही माळावर गेलो. तो दगड सापडला. इतर दगडांपेक्षा वेगळा, वरून घासून गुळगुळीत झालेला, मध्ये जरा खोलगट, कडेने हळदीचा पिवळा डाग. सगळे म्हणाले, हाच, दुसरा असूच शकत नाही. चौघांनी उचलून तो ट्रॉलीत ठेवला. कोणीतरी 'बिरोबाच्या नावानं' म्हणून ओरडलं, आम्ही 'चांगभलं' म्हणालो.

घरी आल्यावर मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी एक कार्ड लिहिलं. धनगरांची पत्रं मी कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्याच्या पत्त्यावर टाकत असे. ती मंडळी त्या बाजूला आली की तिथे चौकशी करत. कार्डावर लिहिलं, 'तुमचा देव गावात आणला आहे. स्थापना येत्या गुरुवारी. मला बोलायला पाहिजे होतं, मी बोललो नाही. यावे.'

स्थापनेच्या दिवशी सकाळी मंडपात पाचशे माणूस असेल. भटजींचा होम चालला होता. कीर्तनाला आलेले महाराज गादीवर बसले होते. बिरोबाच्या गाभाऱ्यात तो दगड शेंदूर लावून, चांदीचे डोळे लावून, हार घालून बसवलेला. तेवढ्यात गोरेगावहून येणारी जीप थांबली आणि नर्मदाबाई उतरली. मागे शिवहार. तो आता चांगला पंचविशीतला झाला होता. हातात काठी, डोळे लाल. आता भांडण होणार असं मी समजलो.

दोघं ओट्यावर चढली. नर्मदाबाईने गाभाऱ्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने पदर तोंडात धरला. मला वाटलं रडते. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

शिवहार म्हणाला, "माय, हा तं आपला..."

तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि मला खांबामागे बोलावलं.

"मास्तर, हा दगड कोनं दाखवला?"

"मी."

"तुमी! तरीच." ती पुन्हा हसली. "आवो, हा मिठाचा दगड हाय. पावसाळ्यात मेंढरायच्या तोंडाला, खुरायला तकलीफ व्हते, म्हणून मिठात हळद कालवून ह्याच्यावर टाकतो. मेंढरायनं चाटून चाटून गुळगुळीत केला त्याला. माह्या सासऱ्याच्या टायमापासून चाटून राहिलेत."

"पण तुम्ही कपाळाला हात लावला होता."

"घाम पुसला आसंल. देव तिथून दहा पावलं पुढं हाय, आपल्या जागी. त्याला कोनं हात बी लावला न्हाई."

मी खांबाआडून मंडपातली गर्दी पाहिली. शिवहारचा राग मात्र पार उतरला होता. तो हळूच म्हणाला, "माय, गप राहा तू. झालं ते बेस झालं. आपला देव वाचला. ह्यायचं बी समाधान झालं. कोनाला काय कळते?"

मलाही तेच हवं होतं. मी हात जोडले. "बाई, माझी अब्रू जाईल."

तिच्या एका शब्दावर सगळं होतं, हे मला तेव्हाही समजत होतं. ती बोलली नाही तर देव माळावर सुखरूप, आणि धनगरांचा गाभारा कायमचा गावच्या रांगेत. एवढी वर्षं उंबऱ्यावर बसून मागितलेला मान आयता मिळत होता. बोलली तर गावाचं हसं, पाटलांचा राग, आणि मग तिच्या देवाला नारळ कोण देणार?

इतक्यात पाटलांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी माईक घेतला. "नर्मदाबाई आल्या. या, पयला हार तुमच्या हातानं. एवढी वर्षं तुमचा देव गावाबाहेर व्हता. आजपासून तुमी बी आमच्यात आलात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नर्मदाबाई पुढे गेली. हार तिच्या हातात दिला होता. तो तिने खाली ठेवला.

"पाटील, आलो म्हणता. आमी कवा गेल्तो?"

पाटलांनी माईक खाली केला.

"तुमच्या आज्याच्या वावरात माह्या सासऱ्यानं मेंढरं बसवली. तुमच्या खत घातलेल्या वावरातली ज्वारी आमी बी खाल्ली, तुमी बी. गावात पटकी आली तवा मरीआईचा गाडा आमी बी ओढला. मंग बाहेर कोन व्हतं?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "आन् दुसरं असं, का हा देव न्हाई. हा आमचा मेंढरं चाटायचा दगड हाय, मिठाचा. लोकायला त्याच्या पाया पडाया लावू नका. पाप मला लागंल, कारण मला ठाऊक हाय."

मग मागे बायकांच्या घोळक्यात कोणीतरी फिस्सकन हसलं. पाटलांचा चेहरा काळा-निळा पडला.

"देव परत न्यायला खोटं बोलून राहिलीस, नर्मदाबाई."

"मंग चाटून पाहा. खारट लागला तं मेंढरायचा, न्हाई तं देवाचा."

आता हसू आवरणं कोणालाच जमेना. महाराजसुद्धा उपरणं तोंडाला लावून खाली बघू लागले. पाटील काही वाकले नाहीत. वाकले ते पुनमचंद शेठ. दगडाच्या मागच्या बाजूला, जिथे शेंदूर पोचला नव्हता, तिथे त्यांनी ओलं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारा है," ते म्हणाले. "मेरी ही दुकान का नमक है. बाई दर साल पोतं नेते."

"आन् दर साली त्यात खडे निघतेत शेठ," नर्मदाबाई म्हणाली.

पाटील ओरडले, "हा दगड दाखवला कोनं?"

मी पुढे व्हायला पाय उचलला, हे खरं सांगतो. पण उचलला एवढंच. ती आधी बोलली. "दाखवला कोनं ते सोडा. मास्तरानं कार्ड टाकलं म्हणून मी येळंवर आले. न्हाई तं जलमभर मीठ पुजत बसले असते तुमी."

माझं नाव तिने घेतलं ते असं.

पाटील म्हणाले, "मग खरा देव कुठं हाय? दाखव. आत्ता आणू त्याला."

"दाखवते की. पण आणायचा न्हाई. तुमी यायचं. मी दर साली हेच मागून राहिले. त्याला उचलू नका, त्याला रांगेत बसवू नका, त्याचं जेवण बदलू नका. नुसतं बोलावणं करा. तो जिथं हाय तिथून तुमचाच हाय."

पाटील ओट्यावरून खाली उतरले आणि घरी निघून गेले. महाराज म्हणाले, जिथे जीवहत्या होते तिथे मी येणार नाही. त्यांचं म्हणणं त्यांच्या ठिकाणी बरोबर होतं. पण शंभर-दीडशे माणूस तिच्यामागे निघालं, बराचसा गंमत बघायला. मी होतो. पुनमचंद शेठ एक नारळ घेऊन होते. माळावर पोचल्यावर ती एका दगडापाशी थांबली आणि टेकली. बोटभर शेवाळ धरलेला, मुंग्यांची रांग चाललेला साधा दगड. लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणी नमस्कार केला, कोणी नाही. शेठनी नारळ फोडला. नर्मदाबाईने कमरेच्या पिशवीतली हळद आधी देवाला लावली, मग जो समोर आला त्याच्या कपाळाला लावली.

मिठाचा दगड तिने त्याच ट्रॉलीतून परत आणला. शिवहारने दोन दिवस रॉकेलने शेंदूर पुसला. तरी त्या पावसाळ्यात काही मेंढरांची तोंडं लाल दिसत होती. नर्मदाबाई मला बोलावून दाखवे आणि म्हणे, "पाहा मास्तर, तुमचे भगत."

या गोष्टीने सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पुढच्या वर्षी सप्ताहाचा नारळ माळावर गेला, तो मी आणि शेठनी नेला म्हणून. समितीत त्याला मंजुरी नव्हती. पत्रकात मी 'समस्त ग्रामदैवतांच्या' याऐवजी एकेका देवाचं नाव लिहिलं, शेवटी बिरोबाचं. पाटलांनी मला बोलावून विचारलं, हे कोणी सांगितलं. मी म्हणालो, कोणी नाही. पत्रकं मात्र तशीच वाटली गेली. बिरोबाचा गाभारा मोकळाच राहिला. नंतर त्यात सतरंज्या ठेवू लागले.

तिनेही एक केलं. आषाढातल्या आपल्या दिवसाचं आमंत्रण ती गावात घरोघर फिरून देऊ लागली. तुळशीची माळ घातलेल्या घरांतही. "येऊ नका," ती म्हणे, "पण बोलावलं न्हाई असं म्हणू नका." पहिल्या वर्षी माळावर बाहेरची आम्ही चार माणसं होतो. तिसऱ्या वर्षी तीस. माळकरी दुपारी येत, भंडारा लावून घेत, आणि चूल पेटायच्या आत परत जात. तिला त्याचं काही वाटत नसे. पाटलांच्या घरी ती दर वर्षी जाई. पाटील घरात असून बाहेर येत नसत. ती अंगणातूनच "आमच्या देवाला छप्पर चालत न्हाई, छत्री घेऊन या" असं सांगून परत फिरे. सहा वर्षं ती अशी परत फिरली. मी एकदा म्हटलं, आता पुरे करा. ती म्हणाली, "मेंढरू एकदा बोलावून येते का? गळा बसेस्तोर हाका माराव्या लागतेत."

आता सांगतो ते दोन हजार चार सालचं. तोवर हिंगोली जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती, आणि नव्या जिल्ह्यात नवी कामं निघत होती. एक पुढारी गावात आले. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की माळावरच्या देवाला आता बरीच गर्दी होते. त्यांनी जागेवर उभं राहून जाहीर केलं की इथे सभामंडप देतो, वर पत्रे, खाली फरशी. सगळं गाव जमलं होतं. धनगरही होते, कारण पावसाळा होता. शिवहार पुढे होऊन बोलायला लागला, पण पुढाऱ्यांबरोबरच्या माणसाने त्याला थांबवलं. "अरे तुमच्याच भल्याचं काम आहे."

नर्मदाबाई तेव्हा आजारी असे. ती बोरीखाली घोंगडं अंथरून बसली होती. उठायचा प्रयत्न करत होती, तिला उठता येईना. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली.

तेवढ्यात गर्दीच्या मागून तातेराव पाटील पुढे आले. सत्तरी उलटलेली, हातात काठी. ते पुढाऱ्यांना म्हणाले, "साहेब, सभामंडप मारुतीपुढं द्या. इथं नको."

"का हो पाटील? तुमच्या गावचाच देव ना?"

"आमच्याच गावचा हाय. म्हणून सांगून राहिलो. ह्या देवाला छप्पर चालत न्हाई. ते त्याचं तसंच हाय, पयल्यापासून."

पुढारी हसले, बरं म्हणाले, चहाला थांबले नाहीत. गाड्या निघून गेल्या. पाटील तिथेच उभे होते, कुठे जावं ते न कळल्यासारखे. माळावर ऊन पडलं होतं.

नर्मदाबाईने घोंगड्यावर सरकून जागा केली. धनगर आपल्या घोंगड्यावर देवाला बसवतात, पाहुण्याला बसवतात, पण वाटेल त्याला बसवत नाहीत. तिने हाताने जागा झटकली.

"पाटील, उन्हात काहून उभं? बसा."

पाटील बसले. गुडघे दुखत होते, त्यामुळे बसायला त्यांना बराच वेळ लागला. ती थांबली. मग तिने पिशवीतली हळद काढली आणि त्यांच्या कपाळाला लावली.